कारखान्यात पर्यावरणाची सवय कशी रुजवायची: पाळीच्या कार्डापासून परचेस ऑर्डरपर्यंत

शनिवारी शेवटची पाळी सुटल्यावर मुख्य वीजमीटरचं रीडिंग घ्या. सोमवारी पहिली पाळी सुरू होण्याआधी पुन्हा घ्या. वजाबाकी करून मधल्या तासांनी भागा. येईल तो आकडा म्हणजे एकही नग तयार न होता तासाला जळणारी वीज. त्यातला सर्व्हर, सुरक्षेचे दिवे, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) ब्लोअर आणि फायर लाइनचा जॉकी पंप (आगीच्या पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) एवढा भाग गरजेचा आहे. बाकीचं बहुतेक सगळं कुणीतरी बंद करायचं राहून गेलेलं असतं, आणि ते बंद करणं आपलं काम आहे असं कुणालाच वाटलेलं नसतं. कंपनीच्या भिंतींवर कितीही पोस्टर असली, तरी तिथली खरी सवय या आकड्यात दिसते.

ही मार्गदर्शिका शंभर ते चारशे माणसांच्या अभियांत्रिकी कारखान्यासाठी आहे: भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा एमआयडीसींत असतात तसा. थोडं मशीनिंग, थोडी असेंब्ली, एक-दोन कॉम्प्रेसर, कॅन्टीन, वरच्या मजल्यावर ऑफिस आणि निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदारामार्फत आलेली. अशा कंपन्यांना हल्ली मोठ्या ग्राहकांकडून वीज, पाणी, कचरा आणि कार्बनचे तक्ते भरून मागितले जातात. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्याची साखळी खालच्या पुरवठादारांपर्यंत पोचली आहे. नट-बोल्ट, पाइप असा पोलादी माल युरोपात जात असेल, तर तिथल्या सीमाशुल्काच्या धर्तीवरच्या कार्बन नियमासाठी ऑक्टोबर २०२३ पासून आकडे द्यावे लागत आहेत. तक्ता भरणं एका माणसाचं काम आहे, ते तो लॅपटॉपवर करील. तक्त्यातले आकडे खाली आणायला मात्र सगळी पाळी लागते.

सुरक्षेची वाट आधीच तयार आहे

हेल्मेट आणि सेफ्टी शूज आज बहुतेक कारखान्यांत अंगवळणी पडले आहेत. ते व्याख्यानांनी पडले नाहीत. गेटवर शूजशिवाय आत सोडलं नाही, पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं सुपरवायझर त्यावर बोलला, अपघाताची नोंद झाली, प्लँट हेडनं महिन्याच्या बैठकीत त्याबद्दल विचारलं, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते सांगितलं गेलं. हीच पाच ठिकाणं वापरा: गेट, पाळीची सुरुवात, नोंदवही, महिन्याची बैठक, पहिला दिवस. पर्यावरणासाठी वेगळी समिती, वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आणि वेगळा टी-शर्ट काढला की ते कायम ‘त्या लोकांचं’ काम राहतं, आणि ज्या महिन्यात डिस्पॅचचा ताण येतो त्या महिन्यात ते सगळ्यात आधी बंद पडतं.

समन्वयासाठी एक माणूस हवाच. तो ईएचएसचा (पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा खात्याचा) असण्यापेक्षा मेंटेनन्स किंवा प्रॉडक्शनचा असावा असं आमचं ठाम मत आहे, कारण वीज, हवा आणि पाणी ज्यांच्या हातात आहे त्यांना दुसऱ्या खात्यातून आलेली ईमेल हलवत नाही. त्याला आठवड्याचे किमान चार तास या कामासाठी लेखी मोकळे करून द्या. ‘बघ जमेल तसं’ असं सांगितलं तर जमत नाही.

पहिला महिना: फक्त मोजा

पहिल्या महिन्यात कुणालाही काही बंद करायला सांगू नका. चार गोष्टी मोजा: विजेची युनिट, डिझेल आणि गॅस, पाणी, आणि गेटबाहेर जाणारा कचरा प्रकारवार किलोत. पंधरा-वीस निर्देशकांचा डॅशबोर्ड करण्याचा मोह होतो. तो भरणारा माणूस तिसऱ्या महिन्यात थकतो आणि मग मागच्याच महिन्याचे आकडे थोडे फिरवून टाकतो.

नुसती एकूण युनिट पाहून काहीच कळत नाही. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि त्याच महिन्यांचं उत्पादन घ्या. एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर युनिट मांडा आणि त्या बारा ठिपक्यांमधून सरळ रेषा काढा. ही रेषा उभ्या अक्षाला जिथे भिडते ती तुमची स्थिर वीज, म्हणजे उत्पादन शून्य असलं तरी महिन्याला लागणारी. रेषेचा चढ म्हणजे प्रत्येक जादा नगामागची वीज. फोर्जिंग किंवा फाउंड्रीत उत्पादन टनात घ्या, मशीन शॉपमध्ये मशीन-तासांत, असेंब्लीत नगांत.

हा आलेख काढला नाही तर एक गोष्ट हमखास बिघडते. ऑर्डर कमी झालेल्या महिन्यात ‘प्रति नग युनिट’ वाढलेली दिसतात, कारण स्थिर वीज कमी नगांवर वाटली जाते. लोकांनी सगळं नीट केलेलं असतं आणि फळ्यावर लाल बाण लागतो. असं दोनदा झालं की फळ्याकडे कुणी पाहत नाही. आलेख असेल तर ‘एवढ्या उत्पादनाला एवढी युनिट अपेक्षित होती, प्रत्यक्षात एवढी लागली’ असं सांगता येतं, आणि ते न्याय्य असतं.

एचटी (उच्चदाब) ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केव्हीएएच युनिटवर बिल लावतं, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या केडब्ल्यूएच युनिटवर नाही तर ग्रिडवर पडलेल्या एकूण भारावर. या दोन्हींतला फरक कमी ठेवणाऱ्या कपॅसिटर बँकेतला एखादा कपॅसिटर गेला तर प्रत्यक्ष वापर तोच राहूनही बिल वाढतं. म्हणून केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर मेंटेनन्सच्या दोषाचं खापर पाळीवर फुटेल. टाइम ऑफ डेचे (वीजदर बदलण्याचे) तासही बिलावरून पाहून फळ्यावर लावा. भट्टी किंवा ओव्हन कधी पेटवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला ते तास माहीतच नसतात असं बऱ्याच ठिकाणी आढळतं.

कार्बनचं गणित करायचंच असेल तर सोपं ठेवा. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात (केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नेमका आकडा जाहीर करतं, ग्राहकाच्या तक्त्यात तो वापरा) आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो. शॉप फ्लोअरवर मात्र युनिट, लिटर आणि रुपये यांतच बोला. ‘टन कार्बन’ ऐकून कुणाचा हात स्विचकडे जात नाही.

मोठ्या भारांना, म्हणजे कॉम्प्रेसर, चिलर, भट्टी, पेंट शॉप यांना, वेगळे सब-मीटर बसवा. पाच-सहा मीटर पुरतात. रीडिंग पाळी बदलताना त्याच भागातल्या ऑपरेटरनं घ्यावं, समन्वयकानं नाही. ज्याच्या हातानं आकडा लिहिला जातो, त्यालाच तो कालपेक्षा वाढलेला खटकतो.

कोणता स्विच कुणाचा

‘अनावश्यक दिवे व मशीन बंद करा’ ही पाटी निरुपयोगी आहे. अनावश्यक म्हणजे काय हे ती सांगत नाही, आणि चुकीचं काही बंद झालं तर बोलणी कुणी खायची हेही सांगत नाही. त्या भीतीपोटी माणसं काहीच बंद करत नाहीत, आणि त्यांच्या जागी ते शहाणपणाचंच आहे. ही भीती काढण्यासाठी तीन रंगांचे ठिपके लागतात.

हिरवा ठिपका: कुणीही, कधीही बंद करू शकतो. दिवे, पंखे, मॅनकूलर, कन्व्हेयर, ग्राइंडर, वेल्डिंग सेट, बाकावरचे ड्रिल. पिवळा ठिपका: त्या मशीनचा ऑपरेटर किंवा सुपरवायझरच बंद करील, ठरलेल्या क्रमानं. सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीन), हायड्रॉलिक पॉवर पॅक, चिलर, ओव्हन, वॉशिंग मशीन. लाल ठिपका: हात लावायचा नाही. सर्व्हर, फायर पंप, ईटीपी, होल्डिंग फर्नेस (वितळलेला धातू गरम ठेवणारी भट्टी), सीएमएम म्हणजे अचूक मोजमापाच्या यंत्राच्या खोलीचा एसी, गॅस डिटेक्टर.

ठिपके लावण्याआधी मेंटेनन्स, प्रॉडक्शन आणि क्वालिटी अशा तिघांनी प्रत्येक पॅनेलसमोर एकत्र उभं राहून रंग ठरवावा. क्वालिटीला वगळलं तर सीएमएम खोलीचा एसी हिरवा होतो, सकाळी मोजमापं सरकतात आणि एक अख्खा लॉट अडकतो. अशी एक घटना घडली की पुढे वर्षभर कुणी कशालाच हात लावत नाही. पिवळ्या ठिपक्याच्या मशीनवर बंद आणि चालू करण्याचा क्रम फोटोंसह चिकटवा. सीएनसीला सकाळी वॉर्म-अप किती मिनिटं लागतो हेही लिहा. वॉर्म-अपला वीस मिनिटं लागत असतील तर जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करायचं नाही, पण पाळी सुटल्यावर करायचंच. सुट्टीत स्पिंडल, कूलंट पंप आणि चिप कन्व्हेयर थांबवणं पुरे. हायड्रॉलिक आणि कंट्रोल चालू राहू द्या.

मग पाळी सुटण्याचं कार्ड. पोस्टकार्डाएवढं, प्रत्येक भागासाठी वेगळं, जास्तीत जास्त सहा ओळी. मशीन शॉपचं असं असेल: रिकामी मशीन बंद, कूलंट पंप बंद, त्या भागाचा हवेचा व्हॉल्व्ह बंद, पंखे-दिवे बंद, सब-मीटरचं रीडिंग, काही गळत असल्यास टॅग (त्याबद्दल पुढे) लावला. खाली पाळीच्या सुपरवायझरची सही, आणि पुढची पाळी असल्यास घेणाऱ्याचीही. सहाच्या बारा ओळी झाल्या की न बघता टिक केल्या जातात. रात्री फेरी मारणाऱ्या सिक्युरिटी गार्डला हिरव्या ठिपक्यांची यादी द्या आणि काय चालू सापडलं ते त्याच्या रजिस्टरमध्ये लिहायला सांगा. गार्डला हे काम दिल्याचं त्याच्या एजन्सीलाही कळवा. नाहीतर तो बदलला की फेरीही बदलते.

दिव्यांचा एक स्विच आणि पंख्यांचा एक स्विच अख्ख्या शेडला असेल तर वरचं सगळं फोल आहे. एका कोपऱ्यात दोन माणसं ओव्हरटाइमला बसली की चाळीस दिवे जळतात. आधी वायरिंग भागांत तोडून घ्या आणि स्विच हाताच्या उंचीवर आणा. माणसांकडून सवय मागण्याआधी ती पाळता येईल अशी सोय देणं कंपनीचं काम आहे. तेच पंख्यांचं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. साठ पंखे, दिवसाला सोळा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर सुमारे १३,००० युनिट वाचतात, आणि त्यासाठी कुणालाही रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही.

हवेची गळती: सवय लावायला सगळ्यात चांगली जागा

दाबाची हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली बहुतेक उष्णता होऊन जाते. आणि हवा गळते तेव्हा ती दिसत नाही, सांडत नाही, वास मारत नाही. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या एका भोकातून जाणाऱ्या हवेसाठी कॉम्प्रेसर सुमारे ४ किलोवॅट खातो. वर्षाला ६,००० तास आणि ९ रुपये युनिट धरा, एका भोकाचे दोन लाख रुपये होतात.

गळती मोजायला उपकरण लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारं एकही मशीन चालू नसताना, लोड-अनलोड पद्धतीचा एक कॉम्प्रेसर सुरू करा. लाइन भरू द्या. नंतर घड्याळ लावून तो किती सेकंद लोडवर (हवा दाबत) राहतो आणि किती सेकंद अनलोडवर (नुसता फिरत), हे पाच-सहा फेऱ्यांत लिहा. लोडची सरासरी वेळ भागिले लोड अधिक अनलोड, गुणिले शंभर: ही गळतीची टक्केवारी. लोड ९० सेकंद आणि अनलोड २१० सेकंद आलं तर गळती ३० टक्के. ३७ किलोवॅटच्या कॉम्प्रेसरवर म्हणजे साधारण ११ किलोवॅट, ६,००० तासांना ६६,००० युनिट. नीट राखलेल्या लाइनवर हा आकडा १० टक्क्यांच्या आत असतो. व्हीएफडी कॉम्प्रेसर असेल तर ही पद्धत लागू पडत नाही, कारण तो थांबून-सुरू न होता वेग कमी करतो. तिथे मशीन बंद असताना त्याच्या पॅनेलवर किती किलोवॅट दिसतात ते टिपा.

आता हे सगळ्यांचं काम कसं करायचं? दोन तुकड्यांचा टॅग छापा. ज्याला फुसफुस ऐकू येईल त्यानं एक तुकडा गळतीच्या जागी बांधायचा, दुसऱ्यावर जागा, तारीख आणि आपलं नाव लिहून मेंटेनन्सच्या फळ्यावर अडकवायचा. गळती ऐकायची वेळ जेवणाच्या सुट्टीची किंवा पाळी बदलण्याची, कारण चालू मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. शंका असेल तिथे साबणाचं पाणी ब्रशनं लावा, बुडबुडे येतील. जागाही ठरलेल्या असतात: क्विक कपलर, होज क्लिप, एफआरएलचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटरचा) वाडगा, सिलिंडरचं सील, अर्धवट उघडा राहिलेला ड्रेन व्हॉल्व्ह, आणि वर्षापूर्वी हलवलेल्या मशीनची तशीच राहिलेली लाइन.

इथे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: टॅग लागल्यापासून सात दिवसांत गळती बंद झाली पाहिजे आणि टॅग लावणाऱ्याला ते सांगितलं गेलं पाहिजे. मोहिमेच्या पहिल्या आठवड्यात पन्नास-साठ टॅग सहज लागतात. मेंटेनन्सकडे कपलर, पीयू ट्यूब आणि टेफ्लॉन टेपचा साठा नसेल तर ते टॅग महिनाभर तसेच लोंबकळतात, आणि ‘सांगून काही होत नाही’ हा धडा सगळे कायमचा शिकतात. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी सुटे भाग स्टोअरमध्ये आणा, एक फिटर दोन आठवड्यांसाठी याच कामाला द्या, आणि मगच टॅग वाटा.

गळती आटोक्यात आल्यावर दाब उतरवा, एकदम नाही, आठवड्याला ०.२ बारनं. १ बार कमी केल्यानं कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते. कुठलं मशीन पहिल्यांदा कुरकुरतं ते लक्षात ठेवा. बहुतेकदा त्या एकाच मशीनसाठी सगळा कारखाना ७ बारवर चाललेला असतो, आणि त्याला छोटा बूस्टर किंवा जाड पाइप देऊन प्रश्न सुटतो. पाळी सुटताना हवेच्या गननं कपडे झटकण्याची सवयही याच वेळी मोडा. ती डोळ्यांना आणि कातडीला धोकादायक आहे, शिवाय हवा फुकट जाते. पण गन काढून घेण्याआधी ब्रश आणि छोटा व्हॅक्यूम द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी गन परत आलेली दिसेल.

कॅन्टीन

कॅन्टीनमध्ये काम सुरू करताना दोन आठवडे गुपचूप वजन करा. ताटात टाकलेलं अन्न वेगळं, भांड्यांत उरलेलं वेगळं. दोन्हींची कारणं निराळी असतात. भांड्यांत जास्त उरत असेल तर दोष हजेरीच्या अंदाजाचा आहे: ठेकेदाराला पाळीची खरी माणसं सकाळी नऊपर्यंत कळवा, एवढ्यानं बराच फरक पडतो. ताटात उरत असेल तर काय उरतं ते पाहा. भात उरत असेल तर वाढायचा डाव मोठा आहे. एक ठरावीक भाजी सगळ्यांच्या ताटात उरत असेल तर भाजी वाईट आहे, आणि तिथे ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ची पाटी लावणं कामगारांवर अन्याय आहे. चव सुधारा.

समजा २५० ताटं आणि ताटामागे ७० ग्रॅम. दिवसाचे साडेसतरा किलो, वर्षाच्या तीनशे दिवसांत सव्वापाच टन. कालचं वजन दाराशी फळ्यावर लिहा, फक्त एकूण. कुणाच्या ताटात किती उरलं हे पाहायला माणूस उभा करू नका. अंगमेहनत करून आलेल्या माणसाला जेवताना टोकणं कंपनीला महागात पडतं, आणि पुढच्या वेळी तो पर्यावरणाचं काहीही ऐकून घेत नाही. भात-भाजी आधी थोडी आणि मागेल तेवढ्या वेळा पुन्हा, हा नियम पुरतो. पुन्हा वाढायला रांग लावावी लागू नये, एवढं सांभाळा. रांग लांब असली की माणसं पहिल्यांदाच जास्त घेतात.

ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करायचं असेल तर आकारमानानं जवळपास तेवढाच वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळा. भुसा पॅलेट कापलेल्या लाकडाचा चालेल, पण तेल सांडलेल्या किंवा रासायनिक प्रक्रिया केलेल्या पॅलेटचा नको. वास आला तर ओल जास्त आहे, कोरडं वाढवा आणि उलथापालथ करा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं आहे, पाणी शिंपडा. आठवड्यातून दोनदा खालीवर केलं तर दीड-दोन महिन्यांत खत होतं. बागकामाच्या ठेकेदाराच्या करारात हे काम लिहा. हौशी स्वयंसेवकांवर सोडलेला खड्डा पहिल्या पावसात सडतो.

कचरा: डब्यांआधी भंगाराचा रस्ता

रंगीत डबे आणण्याआधी प्रत्येक प्रकारचा कचरा शेवटी कुठे जातो ते लिहून काढा. पाच रंगांचे डबे ठेवले आणि संध्याकाळी हाऊसकीपिंगनं ते एकाच पिशवीत ओतले, हे एका माणसानं जरी पाहिलं तरी वेगळं करणं संपलं. आधी स्टोअरमागे प्रकारवार जागा, वजनकाटा आणि उचलणारे ठरवा. पुठ्ठा, स्ट्रेच फिल्म, लोखंडी बर (मशीनिंगमध्ये निघणारा धातूचा चुरा), ॲल्युमिनियम बर, पॅलेट, ई-कचरा, ओला कचरा आणि घातक कचरा. दोन धातूंची बर मिसळली की भंगाराचा भाव पडतो. हा आकडा मशीन शॉपला दाखवा, तो लगेच समजतो.

सगळ्यात जास्त चूक तेलकट चिंध्यांची होते. तेल पुसलेलं कॉटन वेस्ट आणि हातमोजे हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तो ३३.२ या प्रवर्गात येतो, वापरलेलं तेल ५.१ मध्ये, रसायनांचे रिकामे ड्रम ३३.१ मध्ये. हे सुक्या कचऱ्यात गेलं तर बाहेर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला तेल लागतं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा भंग होतो. झाकणाचा, पायानं उघडणारा डबा मशीनपासून पाच-सात पावलांत ठेवा. साठवण साधारण ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी गेली पाहिजे आणि मॅनिफेस्टची (कचऱ्यासोबत जाणाऱ्या कागदाची) प्रत परत आली पाहिजे. ती आली का, हे महिन्याच्या बैठकीत एकदा विचारा. धुऊन पुन्हा वापरायचे पुसायचे कपडे भाड्यानं मिळतात. तेही पाहा, पण धुणाऱ्याकडे सांडपाण्याची व्यवस्था आहे याची खात्री करून.

घातक कचरा कमी करायचा सरळ मार्ग कूलंटमधून जातो. रोज रिफ्रॅक्टोमीटरनं तीव्रता पाहा, रीडिंगला कूलंटच्या डब्यावर दिलेल्या गुणकानं गुणा, आणि पुरवठादारानं सांगितलेल्या मर्यादेत ठेवा. भर घालताना साधं पाणी ओतायचं नाही, पातळ मिश्रण ओतायचं. वर तरंगणारं तेल स्किमरनं काढलं तर जीवाणू फारसे वाढत नाहीत, सोमवारी सकाळचा कुजका वास जातो आणि टाकी लवकर बदलावी लागत नाही. कामगारांना या वासाचा खरा त्रास होतो, त्यामुळे ही सवय फार समजवावी लागत नाही.

परचेस आणि स्टोअर

इथे थोडक्यात, पण हे विसरलं तर बाकीचं अर्धं वाया जातं. परचेसचं मोजमाप फक्त खरेदीच्या किमतीवर होत असेल तर तो सर्वांत स्वस्त मोटर आणेल. मोटरच्या आयुष्यात तिनं खाल्लेल्या विजेपुढे तिची किंमत किरकोळ असते. म्हणून मोटर, पंप, पंखा, एसी यांच्या तुलनापत्रकात ‘पाच वर्षांची वीज’ हा एक रकाना सक्तीचा करा. जळालेली मोटर तिसऱ्यांदा रिवाइंड करायची की नवी आयई३ (जास्त कार्यक्षम वर्गाची) घ्यायची, याचा नियम लिहून ठेवा. रात्री लाइन बंद पडलेली असताना तो निर्णय नीट होत नाही. पुरवठादाराच्या ऑर्डरमध्ये परतीचे क्रेट आणि ट्रॉली लिहा, आणि क्रेट परत पाठवायची गाडी कोणती हेही, कारण परतीचे क्रेट बहुधा गाडीअभावीच साठतात.

माणसं, भाषा, बक्षीस

फळा मराठी आणि हिंदीत लावा. पाळीवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं असतात, त्यांना इंग्रजी डॅशबोर्ड वाचता येत नाही आणि ती विचारतही नाहीत. चित्रं मोठी, आकडे मोठे, मजकूर थोडा. ठेकेदाराची माणसं सात-आठ महिन्यांत बदलतात, त्यामुळे वर्षातून एकदा घेतलेलं प्रशिक्षण बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. गेटपास मिळतो त्याच दिवशी, सुरक्षेच्या माहितीला जोडून, पंधरा मिनिटं द्या, वर्गात नाही तर फ्लोअरवर: हे ठिपके, हा टॅग, हा तेलकट चिंध्यांचा डबा. मग त्याच्याकडूनच एक टॅग बांधून घ्या.

सूचनापेटीत आलेल्या प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी कारणासह. नकारानं माणूस नाराज होत नाही, गप्प बसण्यानं होतो. बक्षीस छोटं, लगेच आणि सगळ्यांसमोर द्या, आणि ठेकेदाराच्या कामगारालाही तेच. फक्त कायम कामगारांना बक्षीस दिलं तर निम्मा कारखाना बाहेर राहतो. आठ तास मशीनसमोर उभं राहणाऱ्या माणसाला तिथली गळती आधी कळते.

वैयक्तिक पगारातून किंवा दंडातून हे राबवू नका. दंड लागला की रीडिंग खोटी येऊ लागतात, आणि खोटं रीडिंग हे रीडिंग नसण्यापेक्षा वाईट. खातेप्रमुखांच्या वार्षिक मूल्यांकनात मात्र एक ठोस आकडा जरूर ठेवा: मेंटेनन्सला गळतीची टक्केवारी, प्रॉडक्शनला रविवारचा भार (शनिवार-सोमवारच्या रीडिंगमधून निघणारा), परचेसला परतीच्या पॅकिंगचं प्रमाण. युनियन असेल तर पहिल्या महिन्यातच विश्वासात घ्या आणि एक गोष्ट लेखी द्या, की यातल्या बचतीमुळे कुणाचं काम जाणार नाही आणि पंखे-पाणी-चहा यांत कपात होणार नाही. मे महिन्यात शेडमधले मॅनकूलर बंद करून वीज वाचवणारी कंपनी लोकांचा विश्वास गमावते, आणि तो परत मिळत नाही.

ऑफिसचं काम सोपं आहे. एसी २४ अंशांवर (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानं प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते), रिमोट एकाकडे, खिडक्यांच्या फटी बंद, प्रिंटर दोन बाजूंनी छापणारा. नळांना एरेटर, फ्लशच्या टाकीत महिन्यातून एकदा खायचा रंग टाकून गळती तपासणी, आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला. ऑफिसनं हे आधी करावं, शॉप फ्लोअरच्या एक महिना आधी. वरचा मजला १८ अंशांत बसलेला असताना खाली पंखे बंद करायला सांगता येत नाही.

महिन्याची बैठक आणि बाहेर काय सांगायचं

प्लँट हेडच्या उत्पादन आढाव्यातच दहा मिनिटं काढा, वेगळी बैठक नको. तीन प्रश्न पुरतात: अपेक्षित आणि प्रत्यक्ष युनिटमध्ये फरक किती, सात दिवसांपेक्षा जुने टॅग किती, रविवारचा भार किती. प्लँट हेड एका महिन्यात विचारायला विसरला तर चालतं. सलग दोन महिने विसरला तर खाली ते लगेच ओळखतात.

वर्षाचे आकडे जाहीर करायला ५ जूनचा पर्यावरण दिन किंवा १४ डिसेंबरचा ऊर्जा संवर्धन दिन चांगला. झाडं जरूर लावा, पण तीन वर्षं पाणी कोण घालणार हे ठरवूनच, आणि त्यांचा हिशेब विजेच्या हिशेबात मिसळू नका. वेबसाइटवर किंवा पॅकिंगवर ‘पर्यावरणस्नेही’, ‘ग्रीन’ असं मोघम लिहिण्याआधी थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, आणि दाव्यामागे पुरावा मागितला जाऊ शकतो. ‘मागच्या वर्षीच्या तुलनेत प्रति टन वीज इतकी टक्के कमी, आधारवर्ष अमुक’ असं लिहा.

नवं मशीन, नवी पाळी किंवा नवं उत्पादन आलं की आलेखाची जुनी रेषा लागू राहत नाही. त्या महिन्यापासूनचे ठिपके वेगळ्या रंगात मांडा, सहा महिने जमू द्या आणि नवी रेषा काढा. जुनी पुसू नका, दोन्ही फळ्यावर राहू द्या.